ग्रामसभेच्या आधी: सीमाभागातल्या गावाचा आराखडा गावानंच कसा करावा

ग्रामसभेचा निरोप आला की आपल्याकडं काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. शाळेच्या खोलीत नाहीतर देवळासमोर तीसेक माणसं जमतात, त्यातली बरीचशी नेहमीचीच. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, कन्नडात यादी वाचतात, एखादा मेंबर मधेच मराठीत सांगतो, कोणीतरी गटारीचं भांडण काढतं, चहा येतो, वहीवर सह्या होतात. वर्षभरानं भलत्याच गल्लीत काँक्रीट पडलं की आपण विचारतो, हे ठरवलं कोणी? वही काढून बघावं तर खाली आपलीच सही.

बेळगाव आणि खानापूर तालुक्यातल्या गावांत हे काम करताना मला एक गोष्ट पक्की कळली आहे. ग्रामसभेत आराखडा, म्हणजे पंचायतीनं वर्षभरात करायच्या कामांची यादी, ठरत नाही, तिथं तो मंजूर होतो. ठरवायचा तो त्याच्या आधी, गल्लीगल्लीत, आपल्या बोलीत, बायकापोरांना धरून. आणि कागदावर उतरवायचा तो कचेरीत त्याच दिवशी वाचला जाईल अशा कन्नडात. यातलं एक जरी राहिलं तरी बाकीची मेहनत वाया जाते. पहिल्यांदाच हे काम हातात घेणाऱ्यांसाठी पुढचं लिहितो आहे.

कायदा कुठला, ते आधी

आपली पोरं मोबाईलवर महाराष्ट्रातल्या गावांचे व्हिडिओ बघतात आणि तिथला अर्जाचा नमुना उतरवून पंचायतीत नेतात. तो इथं चालत नाही. सीमाप्रश्नाबद्दल आपल्या भावना काहीही असोत, गावाच्या नळाचा आणि गटारीचा पैसा ज्या कायद्यानं येतो तो 'कर्नाटक ग्रामस्वराज आणि पंचायतराज अधिनियम, १९९३' आहे. तिकडचा सरपंच म्हणजे इथला अध्यक्ष, तिकडचे ग्रामसेवक म्हणजे साधारण इथले पीडीओ, गटविकास अधिकाऱ्याच्या जागी इथं तालुका पंचायतीचे कार्यकारी अधिकारी, ज्यांना सगळे ईओ म्हणतात. सातबाऱ्याच्या जागी आरटीसीचा उतारा.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. इथली ग्रामपंचायत बहुतेक ठिकाणी एका गावाची नसते, तीन-चार गावं आणि वाड्या मिळून असते. साधारण ४०० लोकसंख्येमागं एक सदस्य, त्यामुळं लहान गावाला एक किंवा दोनच मेंबर मिळतात. मोठ्या गावाच्या संख्येपुढं त्यांचा आवाज पोचत नाही. म्हणून इथल्या कायद्यात खालच्या सभाही आहेत: वस्तीपातळीची जनवसती सभा, तिच्यावर वॉर्ड सभा आणि मग ग्रामसभा. वॉर्ड सभा आणि ग्रामसभा सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी. वॉर्डातला प्रत्येक मतदार वॉर्ड सभेचा सभासद असतो. लहान गावानं सगळा जोर वॉर्ड सभेवर लावावा. तिथं नोंदलेली मागणी वर सरकते, थेट ग्रामसभेत ओरडून सांगितलेली बहुतेक वेळा हवेत विरते.

कधी सुरुवात करायची

२०१८ पासून देशभर ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम बहुतेक वर्षी २ ऑक्टोबरला सुरू होऊन डिसेंबर-जानेवारीपर्यंत चालत आली आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने आपल्याकडं भाताच्या सुगीचे. कापणी, मळणी, त्यात अवकाळीची धास्ती. अशा वेळी कुठली बाई सभेला येऊन दोन तास बसेल? न येणाऱ्यांना 'लोकांना रसच नाही' असं म्हणणं अन्याय आहे.

म्हणून काम गणपतीत सुरू करा. लावणी उरकलेली असते, भांगलण संपत आलेली असते. गोव्याला, पुण्याला कामाला गेलेली पोरं घरी आलेली असतात आणि मंडपात रात्री गाव जमतंच. अनंत चतुर्दशी ते दसरा या दिवसांत गल्लीच्या बैठका, दसऱ्यानंतर यादी आणि कन्नड कागद, मग वॉर्ड सभा. ज्या गावात माघ-फाल्गुनात पारायण असतं तिथं पुढच्या वर्षासाठी त्या सप्ताहातली एक संध्याकाळ मागून घ्या. गाव एरवी इतकं शांत आणि इतकं एकत्र क्वचित बसतं.

पहिली सात-आठ माणसं

मोठी समिती करू नका. प्रत्येक गल्लीतलं एक माणूस, आशाताई, अंगणवाडी सेविका, शाळेच्या एसडीएमसीतलं (शाळा विकास आणि देखरेख समितीतलं) कोणीतरी, महिला संघांतल्या दोघी. दलित गल्लीतलं माणूस 'बोलावलं होतं, आले नाहीत' म्हणून सोडायचं नाही, त्यांच्या दारात जाऊन बसायचं. शिवारात धनगर-गवळ्यांचा वाडा असेल तर तिथलंही कोणी हवं. गावात कन्नड, उर्दू बोलणारी घरं असतात, तीही धरा. हे मराठी माणसांचं नव्हे, गावाचं काम आहे.

आणि एक मुलगी किंवा मुलगा असा शोधा ज्याला कन्नड नीट लिहिता येतं. आपल्या मराठी शाळांतही आता मुलं कन्नड शिकतात, काही जण कन्नड माध्यमात दहावी-बारावी झालेले असतात. गावात अशा पोराला फारसं कोणी विचारत नाही. या कामात मात्र त्याच्याइतकं मोलाचं माणूस दुसरं नाही.

ही माणसं ठरली की सगळ्यांनी मिळून मेंबरला आणि पीडीओंना भेटा. तक्रार घेऊन जाऊ नका. "आम्ही गल्लीनिहाय गरजा लिहून आणणार आहोत, वॉर्ड सभा कधी ठेवता?" एवढंच विचारा. एका पीडीओकडं कधी कधी दोन पंचायतींचा भार असतो. तयार यादी घेऊन येणारं गाव त्यांनाही हवंच असतं. सदस्यांची मुदत संपून प्रशासक बसलेला असला तरी ही भेट टाळू नका.

गाव चालून बघा, मग जमिनीवर काढा

एका सकाळी आठ-दहा जणांनी गावाच्या या टोकापासून शिवाराच्या त्या टोकापर्यंत चालायचं. वही, पेन, फोटोसाठी एक मोबाईल. फुटलेली गटार, न लागणारा दिवा, चिखलात गेलेली गाडीवाट, गाळानं भरलेलं तळं, स्मशानाला जाणारा बांध. याबद्दल जास्त सांगत नाही, चाललं की दिसतं.

खरं काम नकाशाचं. तो कागदावर काढू नका. कागद म्हटलं की पेन शिकलेल्याच्या हातात जातं आणि बाकीचे बघत उभे राहतात. देवळासमोरचं अंगण सारवून घ्या आणि रांगोळी घ्या. रस्त्याला पांढरी, पाण्याला निळी, जिथं अडचण आहे तिथं लाल. घरांसाठी भाताचं तूस किंवा खडे. रांगोळी म्हटलं की बायका आपणहून पुढं बसतात, हात त्यांचा चालतो आणि मग तोंडही चालतं.

खानापूर भागातल्या एका गावातला प्रसंग सांगतो. तरुण पोरांनी झोकात नकाशा काढला होता. शाळा, रस्ता, ओढ्यावरची मोरी, सगळं जागच्या जागी. कडेला एक आजी बसल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या. बराच वेळ गप्प बघत होत्या. मग उठल्या, वाकून हाताच्या पालथ्या बाजूनं शाळेच्या वाटेवरची पांढरी रांगोळी पुसून टाकली आणि ओढ्याच्या वरच्या अंगानं लांब वळसा घालून नवी रेघ ओढली. "पावसात पोरं हितनं जात न्हाईत. मोरीवरनं पाणी जातंय. चार महिनं ही वरनं फिरून जातात, झाडीतनं." पोरांनी काढलेली वाट बरोबरच होती, पण उन्हाळ्याची. पंचायतीच्या कागदातही तीच होती, म्हणून कागदावर त्या गावाच्या शाळेला रस्ता 'आहे' असं लिहिलेलं होतं. मोरीची उंची वाढवण्याची मागणी त्या दिवशी आजींच्या बोटातून आली. चार वर्षांत एकाही सभेत ती कोणी मांडली नव्हती, कारण सभेला येणारी माणसं पोरांना शाळेत सोडायला जात नव्हती.

नकाशा पूर्ण झाला की वरून फोटो घ्या, मग तसाच्या तसा मोठ्या कागदावर उतरवा. काढणाऱ्यांची नावंही खाली लिहा. आपलं नाव असलेला कागद माणूस विसरत नाही.

बायकांची बैठक वेगळी, मुलांची वेगळी

एकत्र बैठकीत सासऱ्यासमोर सून बोलत नाही, आणि बोलावं अशी जबरदस्तीही करू नये. संध्याकाळची भाकरी झाल्यावर, साडेआठच्या पुढं, गल्लीतल्या एखाद्या ऐसपैस ओट्यावर फक्त बायकांना बसू द्या. विचारायचं ते 'गावाचा विकास कसा व्हावा' असं नाही. त्याला उत्तर 'तुम्हीच सांगा' असंच येतं. विचारा: काल पाणी किती वाजता आलं? कोण उठलं भरायला? दवाखान्याला शेवटचं कोण गेलं, कशानं गेलं? अंधार पडल्यावर कुठल्या वाटेनं जायला नको वाटतं? उत्तरांतून कामं आपोआप निघतात. नळाची वेळ, दिव्याचे खांब, धुण्याचा कट्टा, शौचालयाचं पाणी.

मुलांसाठी कर्नाटकात 'मक्कळ ग्रामसभे' म्हणजे मुलांची ग्रामसभा भरवण्याची पद्धत आहे. ती तुमच्या पंचायतीत नुसती उरकली जाते की मुलांना खरंच बोलू देतात ते बघा. शाळेच्या शौचालयाचं दार, खेळाच्या मैदानावरचं अतिक्रमण, बसची वेळ हे मुलांइतकं नेमकं कोणी सांगत नाही.

चिंचोक्यांची मोजणी

आता तुमच्याकडं तीस-चाळीस गरजा झाल्या. सगळ्या होणार नाहीत. निवड करायला हात वर करायला सांगितलं तर सगळे आधी मोठ्या माणसाच्या हाताकडं बघतात. त्यापेक्षा चिंचोके घ्या. प्रत्येक कामाचं चित्र एकेका कागदावर काढून पाट्यांसारखं मांडा, प्रत्येकाला पाच चिंचोके द्या आणि हव्या त्या कामावर हवे तितके टाकू द्या. बायकांना चिंचोके आणि पुरुषांना शेंगदाणे दिले तर मोजणी वेगवेगळी होते. हा वेगळा हिशेब तसाच यादीत लिहा. पुरुषांच्या ढिगात प्रवेशद्वाराची कमान वर आणि बायकांच्या ढिगात पाणी वर, असं चित्र दिसलं की सांगावं काहीच लागत नाही. गाव स्वतःच बोलायला लागतं.

कमान मागणाऱ्यांना हिणवू नका. महालक्ष्मीची यात्रा वर्षानुवर्षांनी एकदा येते, गावाला आपलं दार देखणं हवंसं वाटणं साहजिक आहे. ते काम वर्गणीत बसतं, पाण्याची टाकी वर्गणीत बसत नाही, एवढं समजावून सांगा.

तीन याद्या आणि पैशाचं गणित

निवडलेली कामं तीन ढिगांत वाटा. पहिला पंचायतीचा: पिण्याचं पाणी, गटार, गल्लीतला रस्ता, दिवे, कचरा, स्मशान. दुसरा दुसऱ्या खात्यांचा: शेतीच्या थ्री-फेजसाठी वीज कंपनी, बससाठी परिवहन मंडळ, मराठी शाळेतल्या रिकाम्या शिक्षकाच्या जागेसाठी शिक्षण खातं. ही कामं पंचायत करू शकत नाही, पण ग्रामसभेचा ठराव करून त्या खात्याला पाठवू शकते, आणि ठरावाला एकट्या माणसाच्या अर्जापेक्षा वजन असतं. तिसरा ढीग आपला: श्रमदानानं होणारी कामं. तळ्याकाठची झुडपं काढणं, शाळेचं कुंपण, देवराईची वाट. यातलं एक काम ग्रामसभेच्या आधीच करून टाका. गावाला आपल्या हाताची ताकद दिसते आणि कचेरीलाही.

पैशाबद्दल एक गोष्ट गावाला उघड सांगा. १५व्या वित्त आयोगाच्या अनुदानातला, २०२१-२२ पासून २०२५-२६ पर्यंत, ६० टक्के पैसा बांधील होता: निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. म्हणजे १० लाख आले तर ६ लाख पाणी आणि स्वच्छतेलाच, आणि उरलेल्या ४ लाखांत पंचायतीतली सगळी गावं. पुढच्या काळासाठी हे प्रमाण काय आहे ते पहिल्याच भेटीत पीडीओंकडून लिहून घ्या. हे माहीत नसलेलं गाव सगळ्या मागण्या रस्त्याच्या करतं आणि पाण्याचा पैसा कोणीतरी दुसरं ठरवून खर्च करतं. गटार आणि सांडपाण्याचं काम 'स्वच्छता' या नावाखाली मागता येतं. योग्य नावाखाली मागणं हीही एक विद्या आहे.

जागेची खात्री आधी करा. समाजमंदिराचा ठराव झाला, निधी आला आणि मग कळलं की जागा कोणाच्या तरी वाटणीतली आहे, असं घडून निधी परत गेलेला मी पाहिला आहे. प्रत्येक कामासमोर सर्व्हे नंबर लिहा आणि उतारा जोडा.

खानापूरच्या जंगलातल्या गावांसाठी थोडं वेगळं. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. त्यातल्या गवाळी, कोंगळा, आमगावसारख्या गावांना 'वनजमीन आहे' म्हणून रस्ता-पाणी नाकारलं जातं. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, पिण्याचं पाणी, रस्ता अशा १३ सोयींसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे. अट अशी की प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. ही शेवटची अट गावाच्या हातात आहे. शिफारशीचा ठराव कामाचं नाव, जागा आणि क्षेत्रफळ लिहूनच करा, मोघम नको.

कागद कन्नडात

माझ्या पहिल्या प्रयत्नाच्या वेळी आम्ही चार पानांचा सुंदर मराठी आराखडा केला. सुवाच्य अक्षर, गल्लीनिहाय तक्ता. कचेरीत तो घेतला गेला, पोचही मिळाली. भाषांतर करून घेतो म्हणाले. मोहीम संपली तरी तो कागद टेबलावरच होता, आणि वेबसाइटवर चढलेल्या आराखड्यात आमचं एकही काम नव्हतं. त्या गावातल्या बायकांना दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलवायला गेलो तेव्हा त्यांनी जे विचारलं त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून हे कळकळीनं सांगतो.

राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठीत अर्ज द्या, तो हक्क सोडू नका. पण आराखड्याची यादी दोन रकान्यांत करा, डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड, ओळीला ओळ. मराठी रकाना गाव वाचेल आणि कन्नड रकाना डेटा एंट्री करणारा थेट टंकेल. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच द्यावा लागतो, आणि कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे तो एकाच विषयाचा व साधारण १५० शब्दांच्या आत असावा. तो कन्नडातच लिहा.

काही शब्द कानाच्या ओळखीचे करून ठेवा. 'क्रियायोजने' म्हणजे कृती आराखडा, 'नडावळी' म्हणजे सभेचं इतिवृत्त, 'अनुदान' तेच, 'कामगारी' म्हणजे काम. सभेत कोणी म्हणालं 'क्रियायोजनेत घेतलंय', तर ते कितव्या क्रमांकावर, ते विचारता आलं पाहिजे.

सभेच्या दिवशी

वॉर्ड सभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या एक दशांश किंवा २०, यातला जो आकडा कमी तो. ग्रामसभेची एक दशांश किंवा १००, यातला कमी तो. हजर असलेल्यांत ३० टक्के बायका असाव्यात अशी अपेक्षा कायद्यातच आहे. आदल्या संध्याकाळी गल्लीत हाळी द्या, नुसता व्हॉट्सअॅपवर निरोप पुरत नाही. रांगोळीच्या नकाशाचा मोठा कागद भिंतीवर लावा. प्रत्येक काम ज्यानं सुचवलं त्यानंच मांडावं, दोन वाक्यांत. मोरीचं काम त्या आजींनीच मांडलं होतं.

पक्षाचे, संघटनेचे झेंडे आणि भाषणं सभेबाहेर. एकदा भाषेचा वाद पेटला की पाणी विसरलं जातं आणि दोन्ही बाजूंची माणसं घरी जातात. कोणी कन्नडात बोललं की मराठीत सांगा, मराठीत बोललं की कन्नडात सांगा, आणि हे काम त्या कन्नड लिहिणाऱ्या पोराकडं द्या.

नडावळी सभेतच लिहून, वाचून घ्या. सह्या शेवटच्या ओळीच्या लगेच खाली करा, मधे कोरी जागा सोडू नका. उठण्याआधी त्या पानांचे फोटो काढा.

नंतरचे सहा महिने

आराखडा ई-ग्रामस्वराज या वेबसाइटवर चढतो. राज्य, जिल्हा, तालुका, पंचायत निवडली की कोणालाही तो बघता येतो. फेब्रुवारीत बघायला सुरुवात करा आणि आपल्या यादीशी ओळीला ओळ लावा. काम वगळलं असेल तर पीडीओंना विचारा, लेखी. कधी कारण खरं असतं: एस्टिमेट वाढलेलं असतं, जागेचा वाद असतो. ते कारणही गावाला कळवा.

मंजूर झालेली कामं देवळाच्या नाहीतर डेअरीच्या भिंतीवर रंगानं लिहा: कामाचं नाव, रक्कम, कधी सुरू, कधी पूर्ण. शेवटचे दोन रकाने कोरे ठेवायचे आणि काम होईल तसे भरायचे. रोज सकाळी दूध घालायला येणारा माणूस ते वाचतो. पुढच्या वॉर्ड सभेत पहिला विषय हाच घ्या: भिंतीवरचे कोरे रकाने, वरपासून एकेक.